जुन्या वळणाचा मराठी पुरुषवेष : शोध, परिधान आणि विस्मरण

प्रास्ताविक

मराठी समाजचिंतनात स्त्रीच्या पोशाखाची जेवढी चर्चा झाली, तेवढी पुरुषाच्या पोशाखाची झालेली नाही. नऊवारी की पाचवारी, डोक्यावर पदर असावा की नसावा, कुंकू लावावे की टिकली, या प्रश्नांवर गेल्या शतकात पुष्कळ शाई खर्ची पडली. पुरुषाने डोक्यावरची पगडी केव्हा उतरविली आणि धोतर सोडून पँट केव्हा स्वीकारली, याची दखल मात्र बहुतांशी विनोदी लेखनानेच घेतली. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी' (१९६४) मधील धोतराकडून पँटकडे सरकणारा कारकून हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुरुषाच्या पोशाखातील बदल हा हसण्याचा विषय ठरला, विचाराचा नव्हे.

गेल्या पंचवीस वर्षांत या प्रवासाची दिशा काही अंशी उलटलेली दिसते. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि तिचे अनुकरण शहरोशहरी झाले. अशा यात्रांतून फेटा बांधलेले तरुण हजारोंच्या संख्येने दिसू लागले. विवाहसमारंभात वऱ्हाडाला फेटे बांधणारा माणूस बोलाविणे हा रिवाज झाला. महाविद्यालयांत 'ट्रॅडिशनल डे' रुजला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९), 'बालगंधर्व' (२०११), 'लोकमान्य' (२०१५), 'आनंदी गोपाळ' (२०१९) या चित्रपटांनी एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याचा आरंभ या काळातील पुरुषाची प्रतिमा पुन्हा डोळ्यांपुढे आणली. भिकबाळी, गोल चष्मा, किल्लीचे घड्याळ, कोल्हापुरी वहाण या वस्तूंना नवे गिऱ्हाईक मिळाले.

या पुनरागमनाकडे दोन सोप्या दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी त्याला संस्कृतीचे संवर्धन मानते, तर दुसरी त्याला बाजारू हौस म्हणून निकालात काढते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. जुना पोशाख कोठेतरी पडून असतो आणि आपल्याला सापडतो, असे नाही. तो निवडला जातो, आणि निवडताना काही वगळलेही जाते. जे वगळले गेले, त्याच्या आधारेच या हौसेचे मूल्यमापन करावयास हवे.

१. 'जुने' केव्हा होते?

आजोबांचे धोतर आणि नातवाने 'ट्रॅडिशनल डे'साठी नेसलेले धोतर हे वस्त्र म्हणून एकच असले, तरी पोशाख म्हणून एक नव्हेत. आजोबांच्या धोतराला 'जुने' हे विशेषण लागत नव्हते. ते नुसते धोतर होते. मध्ये खंड पडल्यावाचून वस्तू 'जुन्या वळणाची' ठरत नाही. ज्याने एखादा पोशाख कधी सोडलाच नाही, त्याला तो नव्याने शोधता येत नाही.

याचे पुरावे आपल्या अवतीभवती आहेत. आषाढी वारीत चालणारा वारकरी धोतर, सदरा आणि टोपी या वेषात असतो. मुंबईचा डबेवाला डोक्यावर पांढरी टोपी घालून लोकलमध्ये चढतो. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत असतात. यांपैकी कोणालाही आपण 'व्हिंटेज' म्हणत नाही, कारण त्यांच्या बाबतीत भूतकाळ आणि वर्तमान यांच्यात दरी पडलेली नाही.

येथे एक विसंगती उघड होते. एस.टी.च्या गाडीतून तालुक्याला उतरणारा, मळके धोतर आणि टोपी घातलेला शेतकरी शहरी नजरेला मागास वाटतो. तेच धोतर कडक इस्त्री करून एखाद्या तरुणाने लग्नात नेसले, की तो 'मराठमोळा' ठरतो. कापड तेच, नेसण्याची रीतही जवळजवळ तीच. नेसणाऱ्याला ते केव्हाही सोडून पँट घालता येते की नाही, एवढाच काय तो फरक. जुन्या पोशाखाची प्रतिष्ठा त्याच्या जुनेपणातून येत नाही. ती परिधान करणाऱ्याच्या पर्यायांतून येते.

स्व्हेतलाना बॉइम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत. एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे, आणि दुसरे हरवलेपणाविषयी विचार करणारे. पहिल्याला प्रश्न नको असतात, तर दुसरे प्रश्नांवरच जगते. मराठी पुरुषवेषाचे आजचे पुनरागमन यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे ते जेथे घडते त्या जागा पाहून ठरविता येईल.

२. शोधाच्या जागा

जुना पोशाख शोधणाऱ्याचे पहिले ठिकाण म्हणजे घरातील ट्रंक. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला, गळ्यापर्यंत बटणे असलेला कोट, विटलेल्या काठाचे उपरणे, मखमली आतल्या बाजूला घामाचा डाग असलेली काळी टोपी, अशा वस्तू तेथे निघतात. मात्र अशी ट्रंक प्रत्येक घरात नसते, हे प्रथमच लक्षात घेतले पाहिजे. कपडा जपून ठेवण्यासाठी तो अंगावर फाटेपर्यंत वापरावा लागलेला नसला पाहिजे. ज्यांच्याकडे दोनच जोड होते, त्यांच्या धोतराचे आधी फडके, मग बाळाचे दुपटे आणि अखेरीस पोतेरे झाले. गोधडीत शिवले गेलेले वस्त्र संग्रहालयात जात नाही. वारशाची ही पहिली चाळणी आर्थिक आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे कुटुंबाचे छायाचित्र. खुर्चीत ताठ बसलेला गृहस्थ, अंगात कोट, खाली धोतर, हातात काठी, कोटाच्या खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी, अशा छायाचित्रांवरून आज अनेक जण शिंप्याकडून कपडे शिवून घेतात. परंतु जुन्या फोटो स्टुडिओंत कोट, काठी, घड्याळ इत्यादी सामग्री ग्राहकांसाठी ठेवलेली असे. म्हणजे ज्या प्रतिमेला आपण अस्सल मानतो, तीतील कोट कदाचित त्या दिवसापुरता अंगावर चढविलेला असेल. भाड्याचा फेटा बांधून छायाचित्र काढणाऱ्या आजच्या तरुणाला कृत्रिम म्हणण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण जसे आहोत तसे नव्हे, तर जसे दिसावेसे वाटते तसे दिसणे, हा छायाचित्राचा जुनाच धर्म आहे.

तिसरे ठिकाण नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांचे. शाळा-महाविद्यालयांतील स्पर्धांचा बहुतेक पोशाख येथूनच येतो. या दुकानांत काळ नसतो, पात्रे असतात. मावळा, पेशवा, टिळक, वारकरी, शेतकरी असे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. सतराव्या शतकातील अंगरखा आणि विसाव्या शतकातील कोट एकाच खुंटीवर टांगलेले असतात. 'पारंपरिक' या शब्दाचा आजच्या तरुणाच्या मनातील अर्थ या गठ्ठ्यांनी घडविला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

चौथे ठिकाण जुन्या बाजारांचे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरत आलेला जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार येथे चष्म्यांच्या चौकटी, फाउंटन पेन, काठ्यांच्या मुठी, घड्याळे मिळत आली आहेत. यांपैकी एच.एम.टी. घड्याळाचे उदाहरण उद्बोधक आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरू येथे सुरू झालेल्या या सार्वजनिक उद्योगाने 'जनता', 'पायलट' अशी किल्लीची घड्याळे घरोघरी पोहोचविली. नोकरी लागली, लग्न ठरले, निवृत्ती आली की मनगटावर एच.एम.टी. यायची. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळ-उद्योग बंद करण्यास मान्यता दिली आणि साधे घड्याळ पाहता पाहता संग्राह्य वस्तू झाले. मागणी वाढताच जुन्या यंत्रावर नवी रंगविलेली तबकडी चढवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून 'जुनी' घड्याळे विकली जाऊ लागली. जाणकार खरेदीदार तबकडीवरील अक्षरांची ठेवण, काट्यांची लांबी, आतील यंत्रावरील खूण पडताळून पाहतो. घड्याळाच्या बाबतीत एवढी चिकित्सा करणारा ग्राहक फेट्याच्या बाबतीत काहीच का विचारत नाही? कारण घड्याळाकडून त्याला खरेपणाची अपेक्षा आहे, तर फेट्याकडून केवळ ओळखीची.

३. पोशाखाचे व्याकरण

गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 'इंडियन कॉस्च्यूम' (१९५१) या ग्रंथात भारतीय पोशाखाचा इतिहास मांडला, तर एमा टार्लो यांनी 'क्लोदिंग मॅटर्स' (१९९६) मध्ये 'काय घालावे' हा भारतात नेहमीच पेचाचा प्रश्न कसा राहिला, हे दाखवून दिले. या दोन्ही अभ्यासांच्या प्रकाशात पाहता, मराठी पुरुषवेष कधीच एकजिनसी नव्हता, ही गोष्ट स्पष्ट होते.

धोतर, अंगरखा किंवा बाराबंदी, उपरणे, पगडी आणि जोडे हा एकोणिसाव्या शतकातील प्रतिष्ठित पुरुषाचा पोशाख. परंतु त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्यात इंग्रजी वळणाचा कोट, छत्री, घड्याळ, मोजे आणि बूट मिसळले. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या छायाचित्रांत पगडीखाली शिवलेला कोट दिसतो. डोके एका परंपरेत, धड दुसरीत आणि पाय कधी या तर कधी त्या, अशी ही सरमिसळ होती. ती वैचारिक गोंधळाची खूण नव्हती. कार्यालयात एक, घरी दुसरा आणि देवघरात तिसरा असे तीन पोशाख सांभाळणाऱ्या माणसाने शोधलेली ती व्यवहार्य वाट होती. आज 'अस्सल मराठी पोशाख' म्हणून जे सादर होते, त्यातून नेमकी ही सरमिसळ वगळली जाते. धोतरावर कोट आणि पायात बूट घालून आलेला स्पर्धक परीक्षकांना विनोदी वाटतो. वास्तविक त्याचाच पोशाख इतिहासाला अधिक जवळचा असतो.

या व्याकरणाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. डोक्यावरचे वस्त्र हा माणसाच्या जातीचा, व्यवसायाचा आणि प्रदेशाचा जाहीर दाखला होता. पगडी ही एकदा बांधून कायम केलेली आणि तशीच डोक्यावर चढवावयाची, तर पागोटे आणि फेटा प्रत्येक वेळी स्वतः बांधावयाचे. पगडी बांधून देणे हा पगडबंदाचा स्वतंत्र व्यवसाय होता. ब्राह्मणी पगडी निराळी, प्रभूंची निराळी, शिंदेशाही निराळी. कोणी काय घालावे याचे जसे नियम होते, तसेच कोणी काय घालू नये याचेही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये इंदूर भागातील एक घटना नोंदविली आहे. १९२८ साली तेथील सवर्णांनी बलाई समाजावर जे निर्बंध लादले, त्यांत जरीकाठी पागोटे बांधू नये आणि रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, हे निर्बंध अग्रभागी होते. होळकरांच्या संस्थानातील ही घटना मराठी वाचकाला दूरची नाही.

आज लग्नात वऱ्हाडातील प्रत्येकाच्या डोक्यावर जरीकाठी फेटा बांधला जातो तेव्हा, ज्यासाठी एके काळी बहिष्कार पडला असता ते कोणाच्याही नकळत घडत असते. ही घटना क्षुल्लक नाही. बाजाराने फेटा सर्वांना भाड्याने दिला आणि त्याबरोबर एक जुना निर्बंध निकामी केला. परंतु निर्बंध गेला तशी त्याची आठवणही गेली. समतेचा लाभ झाला, समतेसाठी झालेल्या संघर्षाचे भान मात्र उरले नाही.

४. पगडी आणि पागोटे : एक वाद

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे ती कायद्याच्या दृष्टीने एका स्थानाचे उत्पादन झाली. समाजाच्या दृष्टीने मात्र ती केवळ स्थानाची नव्हती, हे पुढच्या दशकात दिसून आले. जून २०१८ मध्ये पुण्यातील पक्षमेळाव्यात शरद पवार यांनी सत्कारासाठी पुणेरी पगडीऐवजी महात्मा फुले यांच्या पद्धतीचे पागोटे वापरावे, असे कार्यकर्त्यांना सांगितले. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पदवीदान समारंभात गाऊनऐवजी पारंपरिक वेष आणि पगडी यांचा स्वीकार केला, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने फुले पगडीची मागणी करीत आक्षेप नोंदविला.

या वादाची तेव्हा बरीच थट्टा झाली. शिक्षणाचे प्रश्न सोडून डोक्यावरच्या कापडाचे भांडण काय करता, असा सूर वृत्तपत्रांतून आणि चर्चांतून उमटला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आक्षेप उथळ आहे. परकीय गाऊन नाकारून 'आपला' पोशाख स्वीकारावयाचा असे ठरविताच, 'आपला' म्हणजे कोणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, तेथे तर तो अधिकच अटळ ठरतो.

महात्मा फुले यांना पोशाखाची ही भाषा पूर्णपणे अवगत होती. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जडजवाहीर ल्यालेल्या पाहुण्यांपुढे उभे राहून, हिंदुस्थानची खरी रयत अशी आहे, हे राजपुत्राला सांगितले. तो शेतकरीवेष हे स्मरणरंजन नव्हते. त्या क्षणी गावोगावी अंगावर असलेला, परंतु त्या दालनात प्रवेश नसलेला पोशाख त्यांनी आत नेला. पोशाखाने प्रश्न विचारावा कसा, याचा यापेक्षा उत्तम वस्तुपाठ मराठी इतिहासात क्वचितच सापडेल. फुल्यांचे पागोटे आज सत्काराच्या तबकात ठेवून देण्याची वस्तू झाले, तर मात्र पगडी आणि पागोटे यांत केवळ आकाराचाच फरक उरेल.

५. वहाण आणि भिकबाळी

पोशाखाच्या पूरक वस्तूंमध्ये कोल्हापुरी वहाणेचे स्थान विशेष आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, हाताने घातलेली वेणी आणि शिवण, कापशी, पायताण, बक्कलनाळी असे तिचे प्रकार. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे पुरुषांच्या पोशाखाच्या प्रदर्शनात तशाच घडणीची चामडी वहाण मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडली. महाराष्ट्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्यानंतर, ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले.

त्या वेळच्या संतापात 'आपला वारसा' हा शब्द वारंवार आला. तो संताप योग्यच होता. परंतु ही वहाण पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने चर्मकार आणि तत्सम दलित जातींच्या हातून घडली, कातडे कमावण्याच्या कामामुळेच त्या हातांना अस्पृश्य ठरविले गेले, ही गोष्ट त्या चर्चेत अभावानेच ऐकू आली. वस्तू आपली आणि वस्तू घडविणारा परका, ही आपली जुनी रीत आहे. मिलानच्या मंचावर कारागिराचे नाव नव्हते म्हणून आपण रागावलो. आपल्या मंचावर ते होते काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला नाही.

भिकबाळीची कथा काहीशी उलट आहे. कानाच्या वरच्या भागात घालावयाचा हा मोत्यांचा दागिना पेशवाईतील प्रतिष्ठितांच्या आणि विद्वानांच्या प्रतिमेशी जोडला गेलेला होता. ऐतिहासिक चित्रपट व मालिकांनंतर तो सर्व जातींच्या तरुणांच्या कानी दिसू लागला. कान न टोचता दाबून बसविण्याची भिकबाळीही मिळते. शुद्धतावादी या गोष्टीला नाक मुरडतील. तथापि ज्या चिन्हाने एके काळी माणसांची प्रतवारी केली, ते चिन्ह कोणीही घालू लागला की त्याची प्रतवारी करण्याची शक्ती संपते. येथे नक्कल हीच मुक्ती ठरते. विस्मरण नेहमीच हानिकारक असते असे नाही, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागेल.

६. सूट : वगळलेली परंपरा

या लेखामागील मूळ अस्वस्थता एका लहान प्रसंगातून आलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील पारंपरिक वेशभूषा स्पर्धेसाठी प्रस्तुत लेखक परीक्षक मंडळात होता. फेटे, धोतरे, अंगरखे यांच्या रांगेत एक विद्यार्थी निळा सूट, पांढरा शर्ट आणि लाल टाय घालून उभा होता. कोटाच्या खिशाला दोन पेन होते. कोट त्याच्या मापाचा नव्हता. खांदे उतरलेले आणि बाह्या आखूड होत्या. पोशाख पारंपरिक नाही, या कारणास्तव मंडळाने त्याला स्पर्धेबाहेर ठेवले. गुणपत्रकावर तिघांच्या सह्या होत्या, त्यांत एक माझी होती. कार्यक्रमानंतर त्याने शांतपणे एवढेच सांगितले, "सर, हा कोट आजोबांचा आहे. आमच्या घरी जुना कपडा म्हणजे हाच."

त्या वाक्याला उत्तर देणे मला त्या दिवशी जमले नाही. वर मांडलेल्या सर्व निकषांवर त्याचा पोशाख स्पर्धेतील इतर सर्वांपेक्षा अधिक जुना आणि अधिक अस्सल होता. तो भाड्याचा नव्हता, ट्रंकेतून आलेला होता. त्याला निश्चित काळ होता, मालक होता, इतिहास होता. बाकीच्यांच्या अंगावर नाटकाच्या दुकानातील गठ्ठे होते.

डॉ. आंबेडकर यांच्या सुटाकडे पाश्चात्त्य अनुकरण म्हणून पाहणारी टीका नवी नाही. महात्मा गांधी यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे पंचा स्वीकारला, त्याची थोरवी आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो. परंतु अंगावरचे वस्त्र उतरवून त्यागाचा अर्थ त्यालाच निर्माण करता येतो, ज्याला ते घालण्याचा अधिकार होता. ज्या समाजाला चांगले वस्त्र नाकारले गेले, त्याने उघडे राहण्यात कोणाला त्याग दिसला नसता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे आंबेडकरांनी स्त्रियांना केलेल्या भाषणात जातीची खूण पटविणारी लुगड्याची रीत आणि दागिने सोडण्याचे आवाहन केले. त्यांचा स्वतःचा सूट हा त्याच विचाराचा पुरुषवेषातील आविष्कार आहे. पगडी जात सांगते. सुटाला मराठी जातिव्यवस्थेत स्थान ठरलेले नव्हते, म्हणून तो ती सांगत नाही. परंपरेच्या व्याकरणाबाहेरचे वस्त्र निवडणे, ही त्या व्याकरणाची सर्वांत धारदार समीक्षा होती.

गावोगावच्या पुतळ्यांनी हा निळा सूट शिल्पात कायम केला. चौदा एप्रिलला अनेक तरुण सूट शिवून घालतात. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत जो पोशाख मानाने जपला आणि घातला गेला, त्याला परंपरा म्हणावयाचे नाही, तर मग कशाला? हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने १९८३ सालीच दाखवून दिले, की प्राचीन भासणाऱ्या अनेक परंपरा अलीकडे निर्माण झालेल्या असतात. आपल्या महाविद्यालयांतील 'पारंपरिक वेष' हीदेखील तशीच अलीकडील निर्मिती आहे. तिच्यात पेशवाईतील सरदार बसतो, परंतु विसाव्या शतकातील पहिला पदवीधर बसत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) पोशाखाचे 'जुनेपण' हा वस्त्राचा गुण नसून खंडाचा परिणाम आहे. म्हणून ज्यांनी तो पोशाख सोडलाच नाही, ते श्रमजीवी या गौरवातून आपोआप बाहेर राहतात.

२) शोधाच्या जागा तटस्थ नाहीत. ट्रंक संपन्नांची स्मृती जपते, छायाचित्र इच्छेची, तर भाड्याचे दुकान ठरीव पात्रांची. या तिन्हींच्या पलीकडे, गोधडीत शिवल्या गेलेल्या वस्त्रांचा इतिहास शोधावा लागेल.

३) बाजाराने फेटा आणि भिकबाळी यांवरील जातीय निर्बंध पुसले, हा खरा लाभ आहे. परंतु त्या निर्बंधांचे स्मरण ठेवल्यावाचून हा लाभ समजून घेता येत नाही.

४) सरमिसळ हेच आधुनिक मराठी पुरुषवेषाचे वैशिष्ट्य आहे. धोतरावरचा कोट आणि आजोबांचा सूट ही त्याची दोन्ही टोके 'पारंपरिक' या संज्ञेत सामावली पाहिजेत.

जुना पोशाख घालू नये, असा या लेखाचा आग्रह नाही. उलट तो अवश्य घालावा, आणि भाड्याने आणण्याऐवजी शोधून घालावा. मात्र शोधताना आणखी एक प्रश्न सोबत न्यावा. माझ्या घरातल्या कोणाला हे घालण्याची परवानगी होती, आणि शेजारच्या घरातल्या कोणाला नव्हती? हा प्रश्न विचारून बांधलेला फेटा डोक्यावर शोभतो तसाच विचारातही राहतो. महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर, स्पर्धेचे नियम लिहिताना 'पारंपरिक' या शब्दापुढे 'आपल्या घरातील' एवढे दोन शब्द जोडावेत, अशी विनम्र सूचना कराविशी वाटते. तेवढे केले असते तर त्या दिवशीच्या गुणपत्रकावर माझी सही निराळ्या कारणासाठी उमटली असती.